कृश मुलाची साखर



मधुमेहावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने सुटलेला गृहस्थ, पेढीवर किंवा कचेरीत बैठे काम, गोडाची आवड, आणि त्याला डॉक्टरांचा उपदेश की गोड बंद करा, तेलतूप आवरा, मीठ जपून खा, रोज चाला, वजन उतरवा. हे चित्र खोटे नाही. उसाच्या आणि बेदाण्याच्या ह्या मुलखात त्या चित्रातली माणसे आज ह्या मांडवातही पुष्कळ असतील. परंतु आम्ही ज्या मधुमेहाविषयी बोलणार आहोत त्यात ह्यातले बहुतेक प्रत्येक वाक्य उलटे होते. रोगी पोरवयाचा किंवा ऐन तारुण्यातला, अंगाने वाळलेला. त्याला तूप वाढायचे असते, मीठ जास्त द्यायचे असते, वजन चढवायचे असते. आणि तरीही त्याच्या रक्तात साखर वाढलेली असते. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक आनुवंशिक रोग आहे, त्याच्या पोटी येणारा हा मधुमेह.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमच्याकडे रजेच्या आणि पगारकपातीच्या तक्रारी येतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे घरातले आजारपण दडलेले असते. अशाच एका सभासदाच्या कागदांत हे नाव आम्ही प्रथम वाचले. शाळा आमची लवकर सुटली, तेव्हा वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. पुस्तके मिळवून वाचली, जाणत्या डॉक्टरांना भंडावून सोडले, आणि जेवढे नीट समजले तेवढेच येथे ठेवतो. इन्सुलिन किती घ्यावे, केव्हा घ्यावे, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आता मूळ यंत्र पाहू. पोटाच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय असते. एकाच छपराखाली दोन खाती चालावीत तसा त्याचा कारभार आहे. मोठे खाते पाचकरस तयार करते आणि तो नळीवाटे आतड्यात सोडते. पिष्ट, प्रथिने आणि विशेषतः स्निग्ध पदार्थ त्या रसावाचून पचत नाहीत. दुसरे खाते अगदी लहान. पेशींची बारीक बेटे त्या पिंडात विखुरलेली असतात, ती इन्सुलिन बनवून थेट रक्तात सोडतात. इन्सुलिन असले तर रक्तातली साखर स्नायूंत शिरते, नसले तर ती रक्तातच हिंडत राहते आणि शेवटी लघवीवाटे वाहून जाते.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये बिघाड होतो तो ह्या दोन्ही खात्यांच्या बाहेर. पेशींच्या आवरणावर क्षाराची ने-आण करणारे एक दार असते. ते दार ज्या जनुकाच्या हुकुमाने घडते तो जनुक १९८९ साली टोरांटोचे लॅप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि अमेरिकेतील फ्रान्सिस कॉलिन्स ह्यांनी शोधून काढला. दार नीट घडले नाही की क्षार अडतो, त्याच्या मागोमाग पाणी अडते, आणि शरीरात जेथे जेथे पातळ रस असावा तेथे तो काकवीसारखा घट्ट होतो. फुप्फुसात असा चिकटा साठला की त्यात जंतू घर करतात आणि खोकला हटत नाही. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबल्या की पाचकरस बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि मग तो ज्या पिंडात तयार झाला त्या पिंडालाच खाऊ लागतो. मऊ पिंडाच्या जागी तंतूंची गाठाळ जाळी उरते. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन ह्या विदुषीने १९३८ साली मृत बालकांच्या तपासणीतून हे वर्णन प्रथम सविस्तर केले. रोगाचे नावही स्वादुपिंडातल्या ह्या जाळीवरून आणि पोकळ्यांवरून पडले आहे.

ह्या पडझडीत प्रथम मोठे खाते बंद पडते. मूल भरपूर खाते, पण शौचाला तेलकट, दुर्गंधी आणि पुष्कळ होते, आणि अंगी काही लागत नाही. लहान खाते, म्हणजे इन्सुलिनची बेटे, त्या मानाने दीर्घकाळ तग धरतात; पण सभोवतीची भिंत ढासळत असता बेटे किती काळ टिकणार? बेटे सगळी एका दिवसात बुडत नाहीत. इन्सुलिन निघते, पण कमी निघते आणि उशिरा निघते. पाश्चात्त्य देशांतल्या दवाखान्यांचा अनुभव असा की ह्या रोगातल्या पाच किशोरांमागे एकाला आणि प्रौढांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना मधुमेह होतो. गोड खाल्ल्यामुळे तो होत नाही. लाडाकोडाने गूळ-साखर चारली म्हणून पोराला हे झाले, असे आईला ऐकवणाऱ्या शेजारणींनी एवढे एक वाक्य जरूर ध्यानात ठेवावे.

ह्या मधुमेहाचा लबाडपणा असा की तो वाजतगाजत येत नाही. लहान वयातल्या नेहमीच्या मधुमेहात मूल अचानक तहानेने व्याकूळ होते, पुष्कळदा बेशुद्ध होऊन दवाखान्यात येते. येथे थोडे इन्सुलिन शिल्लक असते, त्यामुळे तसा प्रसंग क्वचित येतो. त्याऐवजी वजन वाढायचे थांबते. उंची थांबते. खोकला वाढतो, श्वासाचा जोर उतरतो. आईबापांना वाटते, मूळचाच रोग बळावला. इन्सुलिन हे नुसते साखर उतरवण्याचे औषध नव्हे. अंगावर मांस धरायला लावणे हेही त्याचेच काम. ते कमी पडले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, स्नायू झिजतात, आणि श्वासाचे स्नायूही त्यात आलेच. वाढलेली साखर फुप्फुसातल्या स्रावातही उतरते आणि तेथल्या जंतूंना ती पोषक होते. साखर वाढली की छाती बिघडते, छातीत जंतू माजले की साखर आणखी वाढते. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडायचे असते, आणि ते तोडायचे साधन इन्सुलिन आहे.

त्या सभासदाच्या घरी काय घडले ते सांगण्यासारखे आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, वजन एकतीस किलो. रोग माहीत होता, औषधे चालू होती. एका दवाखान्यात रक्ताची साखर जास्त निघाली, आणि तेथे मधुमेह्यांना सरसकट वाटला जाणारा पथ्याचा छापील कागद ह्या पोराच्या बापाच्या हाती पडला. भात वर्ज्य, तूप वर्ज्य, केळे वर्ज्य, बटाटा वर्ज्य. बाप हुकूम पाळणारा माणूस. कागद त्याने चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवला. आजी रात्री चोरून शेंगदाण्याचा लाडू द्यायची, तर तिच्यावर घरात ओरडा. तीन महिन्यांत मुलाचे वजन अडीच किलोंनी उतरले. पुढे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा तेथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रथम काय केले असेल, तर तो कागद भिंतीवरून काढायला सांगितले. जेवण पूर्वीसारखे, किंबहुना अधिक. त्याच्या हिशेबाने इन्सुलिन. सहा महिन्यांत पोर चार किलोंनी भरले. आजीची सरशी झाली, आणि ती तिने सगळ्या गल्लीला सांगितली.

कागद लिहिणारा दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. तो कागद स्थूल माणसासाठी उत्तमच आहे. पण कारखान्यात सगळ्यांना एकाच मापाचे बूट वाटावेत आणि ज्याचा पाय बसत नाही त्याला पायाबद्दल दोष द्यावा, त्यातला तो प्रकार झाला.

मौज अशी की हा भेद आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषाने आलेला, आणि दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. पहिला रोगी कृश, दुसरा बहुधा स्थूल. चरकानेही कृशाला पुष्टी द्यावी आणि स्थूलाचे शोधन करावे, असा वेगवेगळा मार्ग सांगितला. त्यांना इन्सुलिन ठाऊक नव्हते, हा रोगही ह्या नावाने ठाऊक नव्हता. तेव्हा सगळे आमच्या ग्रंथांत होते अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. पण रोग्याच्या अंगाकडे पाहून मग पथ्य सांगावे, एवढी दृष्टी त्यांच्यापाशी होती.

आपल्या देशात कृश मधुमेह्यांची जात मोठी आहे. केरळात स्वादुपिंडात खडे होऊन तरुणपणीच मधुमेह झालेले शेकडो गरीब, हडकुळे रोगी डॉ. गीवर्गीस ह्यांनी तपासले. त्यांचा त्यावरील ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा पिढीभर अभ्यास चालवला, आणि बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही मधुमेहाचे बीज गर्भातच कसे पडते ते जगाला दाखवले. बालपणीच्या कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली ती २०२५ साली. हे सगळे रोग निरनिराळे आहेत, त्यांची मिसळ करू नये. तथापि वाळलेल्या माणसाची साखर वाढली तर त्याचे ताट कमी करण्याआधी कारण विचारावे, हे त्या सर्वांना लागू आहे.

मग ह्या मुलाने खायचे तरी कसे? ताट भरलेले हवे. भाकरी, भात, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, तूप, सगळे. प्रत्येक जेवणाबरोबर पाचकरसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, नाहीतर तूप तसेच बाहेर पडते आणि त्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही जातात. त्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. शाकाहारी घरांत आणि मुसलमान घरांत हे कळल्यावर चलबिचल होते. लपवून द्यावे असे आमचे मत नाही. सांगावे, आणि मुलाचा जीव त्यावर आहे हेही सांगावे. आमच्या ओळखीच्या दोन्ही प्रकारच्या घरांनी ते स्वीकारले आहे. गोडाबद्दल म्हणाल तर नुसती सरबते आणि बाटलीतली गोड पेये टाळावीत, कारण त्यात साखरेखेरीज पोषण काही नाही. जेवणातला लाडू मात्र इन्सुलिनच्या हिशेबात बसतो.

मिठाचा मुद्दा तर आपल्या हवेत फारच महत्त्वाचा. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला कडक उष्मा पडला तेव्हा उष्माघाताने आलेल्या मुलांत ह्या रोगाची मुले फार निघाली. डॉ. पॉल दि सांत'आग्नेसे ह्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि अशा मुलांच्या घामात मीठ भलतेच जास्त असते, हे १९५३ साली दाखवून दिले. आजही निदानाची मुख्य परीक्षा घामाचीच आहे. न्यूयॉर्कच्या उन्हाने जे झाले ते तासगावच्या चैत्र-वैशाखात किती होईल, ह्याचा विचार करा. पोराच्या कपाळाचा मुका घेताना खारट चव लागते, अंगावर मिठाची पांढरी पूड धरते, हे आईला प्रथम कळते. अशा मुलाला उन्हाळ्यात मीठपाणी, ताक, लोणचे ह्यांची अडकाठी नसावी. मधुमेह झाला म्हणून त्याचे मीठ तोडणे, हा धोक्याचा खेळ आहे.

इन्सुलिनबद्दल आपल्या लोकांत एक भीती आहे, सुई लागली म्हणजे शेवट आला. ह्या मधुमेहात गोळ्यांवर वेळ काढण्यात अर्थ नसतो. मुळात माल कमी पडतो आहे, तो बाहेरून पुरवायचा. मात्र काही व्यवहार सांभाळावे लागतात. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटांची असते आणि पेनातली नळी १०० युनिटांची. कुपीला लाल टोपणाची ४० ची सिरिंजच हवी. नारिंगी टोपणाची १०० ची नव्हे. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी कमी किंवा जास्त होते. घरी फ्रीज नसेल तर कुपी पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून सावलीतल्या मातीच्या माठात ठेवतात. ह्या जुन्या युक्तीने उन्हाळा निभतो. इन्सुलिन घेऊन जेवण चुकले, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायांना कंप, बोलणे असंबद्ध. त्या क्षणी साखर हेच औषध; मूल शुद्धीवर असेल तर साखरपाणी किंवा गूळ ताबडतोब द्यावा. शाळेच्या गुरुजींना हे सांगून ठेवावे, कारण वर्गात लाडू खाणाऱ्या मधुमेही मुलाला शिक्षा झाल्याचे आमच्या कानावर आले आहे.

हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, अशी समजूत आपल्याकडे डॉक्टरवर्गातही दीर्घकाळ होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एस. के. काबरा ह्यांनी आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींनी ती मोडून काढली. काबरांनी घाम गोळा करण्याची कमी खर्चाची देशी पद्धतही बसवली. तरी आजही खोकणारे, वाळलेले मूल दिसले की आधी क्षयाची औषधे सुरू होतात. क्षय आपल्याकडे खरोखरच फार, त्यामुळे डॉक्टरांना सर्वस्वी दोष देता येत नाही. पण थुंकीत क्षयाचा जंतू सापडत नाही आणि औषधाने गुणही येत नाही, तेव्हा तरी घामाची परीक्षा करावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणात ह्या रोगाच्या एका औषधाचा समावेश आहे, आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय त्या धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे. सगळे डॉक्टर हिंदी असावेत ह्या अटीवर देणग्या घेऊन १९२६ साली उभे राहिलेले, गिरणगावच्या मधोमध असलेले ते रुग्णालय. आमच्या पिढीच्या कामगाराला तेथे जाताना परके वाटत नाही.

आनुवंशिकतेचे एक नाजूक प्रकरण आहे, ते टाळून चालणार नाही. सदोष जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन आले तरच रोग होतो. एकेकच असलेले आईबाप ठणठणीत असतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे सुनेच्या माहेरचे खूळ, हे बोलणे शास्त्राने साफ खोटे ठरवले आहे. वाटा दोघांचा सारखा. आणि आमच्या ह्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल आहे. एकाच घराण्याचा दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव तीत वाढतो. चाल मोडा म्हणून आम्ही काठी उगारीत नाही. पण ज्या घरात असे मूल होऊन गेले आहे त्या घराने तरी सोयरीक जुळवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता रजेचे. राज्य कामगार विम्यात औषधपाणी कुटुंबाला मिळते, परंतु आजारपणाचा रोख भत्ता विमेदाराच्या स्वतःच्या आजारालाच. मूल आजारी म्हणून रात्रभर प्रवास करून परळ गाठणाऱ्या बापाचा किंवा आईचा त्या दिवसाचा पगार बुडतो. असे दिवस वर्षातून पंधरा-वीस होतात. एका करारात आम्ही अपत्याच्या दीर्घ आजारासाठी पाच दिवसांची भरपगारी रजा मिळवली. मालक म्हणाले, हा पायंडा पडेल. आम्ही म्हटले, पडू द्या.

औषधाच्या किमतीबद्दल थोडक्यात. १९२३ साली इन्सुलिनच्या पेटंटाचा हक्क त्याच्या शोधकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर नाममात्र किमतीला देऊन टाकला.  बिघडलेले दार दुरुस्त करणारी तीन औषधांची संयुक्त गोळी अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य झाली, आणि तेथे तिची वर्षाची किंमत लावली गेली ३ लाख डॉलरांहून अधिक. काही रोग्यांत तिने साखरही सुधारते, सगळ्यांचे इन्सुलिन सुटते असे नाही. ज्या एका जनुकदोषावर ती विशेष चालते तो युरोपात पुष्कळ, आपल्याकडच्या रोग्यांत निम्म्याहून कमी. तेव्हा ती आली म्हणजे सारे बरे होतील, हाही भ्रम नको. तरी ज्याला चालते त्याला ती मिळायला हवी. २०२३ साली भारत, दक्षिण आफ्रिका, युक्रेन आणि ब्राझील येथल्या रोग्यांच्या कुटुंबांनी एकाच वेळी ह्या पेटंटाविरुद्ध दाद मागितली. आपल्या कायद्यात वाट आहे. कर्करोगाच्या एका औषधाला ९ मार्च २०१२ रोजी सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याची किंमत २ लाख ८० हजारांवरून ८ हजार ८८० रुपयांवर आली होती.

पेटंटाचे काय व्हायचे ते होईल. ह्या गावात आज होण्यासारखी एक गोष्ट आहे, ती सांगून थांबतो. ह्या मुलांची साखर ओळखायला सकाळची उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. ती पुष्कळदा चांगली येते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही ह्या रोगात फसवते, आकडा कमी दाखवते. लागते ती ग्लुकोज पाजून करायची जुनी परीक्षा. उपाशीपोटी एकदा रक्त, मग वजनाच्या मानाने, फार तर ७५ ग्रॅम, ग्लुकोज पाण्यातून पाजायचे, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. दोन तासांचा आकडा २०० किंवा त्याहून वर गेला तर मधुमेह समजतात. बहुधा दुसऱ्या दिवशी परीक्षा पुन्हा करून खात्री करतात. दहा वर्षांच्या वयापासून वर्षातून एकदा, ताप-खोकला बळावलेला नसताना, ती करावी. त्याला मोठे यंत्र लागत नाही. ग्लुकोज, घड्याळ आणि साधी रक्ततपासणी ह्यांवर ती भागते. मूल दोन तास बाकावर बसवून ठेवावे लागते, तेवढाच त्रास. गोष्टीचे एखादे पुस्तक बरोबर न्यावे.